कोल्ड्रिंकची बाटली आणि उसाचा फड: पुरवठादारांच्या साखळीतली जोखीम

मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 'फुलर प्रोजेक्ट' या पत्रकारांच्या संस्थेसोबत महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर एक मोठी शोधबातमी छापली. उचलीच्या, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेच्या, कर्जात अडकलेली जोडपी, फडात राबणारी मुलं, लहान वयात लागलेली लग्नं, ऐन उमेदीत गर्भाशयाची पिशवी काढून टाकलेल्या बायका. बीड, जालना, परभणी या भागांत राहणाऱ्या कुणालाही यातलं काही नवं नव्हतं. मराठी पत्रकार आणि कार्यकर्ते हे वर्षानुवर्षं सांगत आले होते. नवं होतं ते साखळीचं दुसरं टोक. या फडांतल्या उसाची साखर कोका-कोला आणि पेप्सीको यांच्या पेयांपर्यंत कशी पोहोचते, हे त्या बातमीनं जोडून दाखवलं. कोका-कोलासाठी काम करणाऱ्या सल्लागारांनी २०१९ मध्येच या भागात मुलं ऊस तोडताना आणि माणसं मालकाचं देणं फेडण्यासाठी राबताना पाहिल्याची नोंद केली होती, हेही तीत होतं.

ज्या कंपनीचं मुख्यालय अमेरिकेत अटलांटा शहरात आहे, तिचा आणि बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातून कोल्हापूरकडे ऊस तोडायला जाणाऱ्या बाईचा संबंध काय? कंपनीनं तिला कामावर ठेवलेलं नाही, तिला पगार दिलेला नाही, ती कोण हेही कंपनीला माहीत नाही. तरीही तिच्या हालांची जबाबदारी कंपनीवर काही प्रमाणात येते का? आणि येत असेल, तर इतक्या लांबून कंपनीनं करायचं तरी काय? मोठ्या उद्योगांत ज्याला 'पुरवठादारांची सामाजिक आणि पर्यावरणीय जोखीम' म्हणतात, तो विषय या प्रश्नांभोवती फिरतो. कंपन्यांच्या अहवालांत तो फार कोरडा होऊन बसतो. उसाच्या वाटेनं गेलं तर चांगला समजतो.

साखळीत कोण कोण असतं

वरून खाली येऊ. सर्वांत वर पेयाचा ब्रँड. त्याखाली बाटल्या भरणारी कंपनी. ती बऱ्याचदा ब्रँडची स्वतःची नसते, करारानं बांधलेली वेगळी कंपनी असते. ती साखर घेते कारखान्याकडून, किंवा व्यापाऱ्याकडून. महाराष्ट्रात एका हंगामात सुमारे २०० साखर कारखाने गाळप करतात, काही सहकारी, काही खासगी. कारखान्याला ऊस देतात हजारो शेतकरी. तो ऊस तोडून कारखान्यात आणायचं काम तोडणी-वाहतुकीचे ठेकेदार घेतात. ठेकेदाराच्या खाली मुकादम. मुकादमाच्या हाताखाली टोळी. टोळीत मोजतात ते कोयते: नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई किंवा बाप्या एकटा असेल तर अर्धा.

आता या जोडप्याचा मालक कोण, असं विचारून पाहा. कारखाना म्हणतो, आमचा करार ठेकेदाराशी आहे, कामगार आमचे नाहीत. शेतकरी म्हणतो, तोडणी कारखानाच लावतो, मला तर टोळी कधी येईल हेही सांगत नाहीत. वर तोडणी-वाहतुकीचा खर्च माझ्या उसाच्या बिलातून कापून घेतात. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मीही याच गावचा, मीही अंगावर कर्ज घेऊन उचल वाटली आहे. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी थोडंफार खरं आहे, आणि सगळ्यांच्या थोड्याथोड्या खरेपणातून असं एक काम तयार झालं आहे की ज्यात आठ ते बारा लाख माणसं असल्याचा अंदाज सांगितला जातो, पण ज्याला मालकच नाही. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही. साप चावला, ट्रॅक्टर उलटला, तर भरपाई मागायची कुणाकडे हेच ठरलेलं नाही.

पुरवठा साखळीतल्या जोखमीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी: जिथे मालक सापडत नाही, तिथेच सर्वांत जास्त धोका साठलेला असतो. कंपनीच्या थेट पुरवठादारांकडे गेट असतं, सुरक्षा रक्षक असतो, एचआर असतो, फाइल असते. साखळी जशी खाली उतरते तशी कागदं कमी होत जातात आणि त्रास वाढत जातो. कंपनीची नजर मात्र पहिल्या पायरीवर सर्वांत स्वच्छ असते आणि पाचव्या-सहाव्या पायरीवर जवळजवळ आंधळी.

धोका नेमका कुणाला?

व्यवस्थापनाच्या भाषेत 'जोखीम' म्हटलं की साधारणपणे कंपनीला असलेला धोका धरतात. बातमी आली तर नाव खराब होईल, युरोपातला ग्राहक ऑर्डर थांबवेल, दुष्काळ पडला तर साखर महागेल. ही मोजणी चूक नाही, पण अपुरी आहे. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेनं उद्योग आणि मानवाधिकारांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं एकमतानं मान्य केली. हार्वर्डमधले प्राध्यापक जॉन रगी यांनी अनेक वर्षं खपून ती तयार केली होती. त्यांनी प्रश्न उलटा केला. कंपनीला काय होईल हे नंतर पाहा. तुमच्या धंद्यामुळे माणसांना काय होतंय ते आधी पाहा, आणि जिथे इजा सर्वांत गंभीर, सर्वांत जास्त माणसांना, आणि भरून न येणारी असेल, तिथून कामाला लागा.

दोन्ही मोजण्या वेगवेगळ्या ठिकाणी नेतात. पहिल्या पद्धतीत बाटल्या भरणारा प्लँट वरच्या क्रमांकावर येतो, कारण तिथे ब्रँडचा बोर्ड असतो. दुसऱ्या पद्धतीत उसाचा फड वर येतो.

फडातली इजा किती खोल आहे, याचा एक आकडा पुरेसा आहे. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या गाजल्यावर राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींनी पिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. देशभरातल्या आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण साधारण तीन टक्के दिसतं.

प्रत्येक बाईवर कुणी जबरदस्ती केली असा याचा अर्थ नाही. पण पाहा, गोष्टी एकावर एक कशा रचल्या जातात. पहाटे अंधारात उठून फडात जायचं, मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवायच्या. राहायला पाचटाची किंवा प्लास्टिकची कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, स्वच्छ पाणी लांब. पाळीत, बाळंतपणानंतर विश्रांती नाही. अंगावरून जायला लागलं, पोटात दुखायला लागलं की एखादा दिवस बुडतो, आणि एका खाड्याला पाचशे रुपयांपर्यंत कापले जातात. खासगी दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. दोन मुलं झालेली असतात, हंगाम तोंडावर असतो, अंगावर उचल असते. ती काढून टाकते. ऑपरेशनचे पैसे कुठून येतात? पुष्कळदा पुन्हा मुकादमाकडूनच.

ही साखळी समजली की 'सामाजिक जोखीम' हा शब्द हवेतला राहत नाही. कर्ज, दंड, पाणी, डॉक्टर आणि मालक नसणं, या पाच गोष्टी एकमेकींना धरून आहेत. एकच सोडवून चालत नाही.

ऑडिटला हे का दिसत नाही

पुरवठादारांवर लक्ष ठेवण्याची नेहमीची रीत अशी: कंपनी आचारसंहिता काढते. बालमजुरी नको, वेठबिगारी नको, किमान वेतन द्या, सांडपाणी नाल्यात सोडू नका. पुरवठादार सही करतो. मग प्रश्नावली येते, ती भरली जाते. मग एखादी बाहेरची संस्था येऊन ऑडिट करते, त्रुटी लिहिते, सुधारणेला मुदत देते. सगळं जमलं तर प्रमाणपत्र मिळतं.

या पद्धतीनं काही गोष्टी खरंच सुधारतात. आग विझवायची यंत्रं बसतात, बॉयलरची तपासणी वेळेवर होते, सांडपाण्याचे नमुने घेतले जातात. मोजता येणाऱ्या, एका जागी असणाऱ्या गोष्टींसाठी ऑडिट कामाचं आहे. ऊसतोड त्यात बसत नाही. टोळी आज एका फडात, परवा दुसऱ्या. ऑडिटर येतो कारखान्यावर, एक-दोन दिवसांसाठी, बहुधा आधी कळवून. त्याला भेटतात कारखान्यातले कायम कामगार. फडात नेलंच तर सोबत शेतकी विभागाचा माणूस असतो आणि मुकादम शेजारी उभा असतो. उचलीची नोंद कारखान्याच्या वहीत नसते, मुकादमाच्या डायरीत असते. आणि ऑडिटची फी पुष्कळदा ज्याचं ऑडिट व्हायचं तोच भरतो. ही व्यवस्था प्रामाणिक माणसालाही नीट काम करू देत नाही.

हे फक्त साखरेत घडतं असं नाही. कराचीच्या बल्दिया भागातल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगारांच्या परिस्थितीबद्दलचं नामांकित आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली. बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या, खिडक्यांना गज होते. अडीचशेहून जास्त माणसं गेली. आग कुणीतरी लावली होती असं पाकिस्तानातल्या न्यायालयानं पुढे ठरवलं, पण आग कशीही लागो, दारं उघडी असती तर माणसं बाहेर पडली असती. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल २०१३ रोजी, ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा कोसळला आणि किमान १,१३४ जण मेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं त्या दिवशी बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र आत पाठवलं गेलं. त्या इमारतीतल्या दोन कारखान्यांचं सामाजिक ऑडिट त्याआधी झालेलं होतं. ऑडिटच्या यादीत इमारत उभी राहील की नाही हा प्रश्नच नव्हता.

मला यात सर्वांत जास्त खुपतं ते हे: तडे कामगारांना दिसले होते. माहिती तिथेच होती. ती ऐकून काम थांबवण्याचा हक्क मात्र त्यांच्याकडे नव्हता.

साखरेच्या प्रमाणपत्रांमध्ये आणखी एक गुंता आहे. कारखान्यात हजारो शेतकऱ्यांचा ऊस एकत्र गाळला जातो. साखरेच्या कुठल्या दाण्यात कुणाचा ऊस, हे सांगता येत नाही. म्हणून 'बोनसुक्रो'सारख्या जागतिक प्रमाणन व्यवस्थेत वजनाचा हिशेब चालतो: इतका टन ऊस अटींप्रमाणे पिकवला, म्हणून इतकी टन साखर 'प्रमाणित' म्हणून विकता येईल, प्रत्यक्ष पोत्यात काहीही असो. साखर दुसरीकडून घेऊन फक्त हा 'प्रमाणित' टनांचा हिशेब, म्हणजे क्रेडिट, विकत घेण्याचीही सोय आहे. हिशेब म्हणून हे चुकीचं नाही. पण बाटलीवरचं वचन आणि फडातली कोपी यांच्यामध्ये किती पडदे असतात ते यावरून कळावं.

दहा पैशांचा हिशेब

आता जरा आकडेमोड करू, कारण पैशाचा प्रश्न टाळून हा विषय समजत नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनामागे साधारण ३६६ रुपयांवर गेला. वाढ मोठी होती आणि ती संघटनांनी झगडून मिळवली होती. एक जोडपं दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडतं. म्हणजे दोन माणसांच्या अंधारापासून अंधारापर्यंतच्या कष्टाचे साडेपाचशे ते सव्वासातशे रुपये, आणि त्यातून उचल फिटायची. उचल असते पन्नास हजारांपासून लाख-सव्वा लाखापर्यंत.

एक टन उसातून साधारण १०० किलो साखर निघते. म्हणजे एक किलो साखरेत तोडणीची मजुरी सुमारे पावणेचार रुपये. कोल्ड्रिंकच्या छोट्या बाटलीत साखर असते २५ ते ३० ग्रॅम. त्या साखरेसाठी तोडणाऱ्या जोडप्याच्या हातात येतात जेमतेम दहा पैसे. मळी, बगॅस (उसाचा चोथा) यांच्या उत्पन्नाचा वाटा वजा केला तर त्याहूनही कमी.

मजुरी उद्या दुप्पट झाली, तर बाटलीमागे आणखी दहा पैसे. इतकाच फरक. पण हे दहा पैसे साखळीतून खाली येत नाहीत, कारण साखरेची खरेदी किलोच्या भावावर होते आणि शेजारच्या कारखान्यानं पंचवीस पैशांनी स्वस्त दिली की ऑर्डर तिकडे जाते. कारखान्याच्या डोक्यावर शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, द्यायची कायदेशीर सक्ती आहे. २०२४-२५ च्या हंगामात ती सव्वादहा टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागे ३४० रुपये होती. बँकेचे हप्ते आहेत, इंधनाचे भाव आहेत. या सगळ्यांत दाबता येण्याजोगा एकच खर्च उरतो, तो म्हणजे ज्याच्या बाजूनं करार नाही त्याची मजुरी.

म्हणून कंपनीच्या शाश्वतता विभागानं कितीही चांगली आचारसंहिता लिहिली तरी खरा कागद खरेदी विभागाच्या टेबलावर असतो. दर काय, किती वर्षांचा करार, पैसे किती दिवसांत, ऑर्डर ऐनवेळी बदलते का. एका मजल्यावरून 'बालमजुरी चालणार नाही' असं पत्र निघतं आणि दुसऱ्या मजल्यावरून 'अजून दोन टक्के कमी करा' असा मेल जातो. पुरवठादार दुसरा मेल आधी वाचतो.

संयुक्त राष्ट्रांच्या तत्त्वांत जबाबदारीच्या तीन पातळ्या आहेत. कंपनीनं स्वतः इजा केली असेल तर थांबवायची आणि भरपाई द्यायची. इजेला हातभार लावला असेल तर आपला हात काढून घ्यायचा आणि भरपाईत वाटा उचलायचा. फक्त व्यवसायाच्या नात्यानं जोडली गेली असेल तर आपलं वजन वापरून बदल घडवायचा. बहुतेक कंपन्या स्वतःला तिसऱ्या रांगेत बसवतात. पण इजा होतेय हे वर्षानुवर्षं माहीत असून त्याच भावानं, त्याच अटींवर खरेदी चालू ठेवली, तर मला तरी ती कंपनी दुसऱ्या रांगेत गेलेली दिसते.

पाण्याची बाजू

पर्यावरणाची जोखीमही अशीच साखळीच्या तळाशी असते. पेय कंपन्या प्लँटमध्ये एक लिटर पेयासाठी किती लिटर पाणी लागलं याचा आकडा अभिमानानं छापतात, आणि तो खरोखर कमी होत आला आहे. पण २०१० मध्ये कोका-कोलानं 'द नेचर कॉन्झर्वन्सी'सोबत केलेल्या अभ्यासात नेदरलँड्समधल्या डोंगेन इथल्या प्लँटमधल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीमागे एकूण ३५ लिटर पाणी लागत असल्याचं दिसलं होतं. त्यातलं प्लँटमधलं पाणी अर्ध्या लिटरपेक्षाही कमी. बाकीचं जवळजवळ सगळं पुरवठ्यातलं, त्यातही मोठा वाटा साखर देणाऱ्या बीटच्या शेताचा. तिकडे बीट पावसावर वाढतो. आपल्याकडे ऊस पाटाच्या आणि बोअरच्या पाण्यावर वाढतो.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. त्याच मराठवाड्यात ऊस उभा होता आणि कारखाने चालू होते. शेतकऱ्याला दोष देऊन काही होणार नाही. हमखास विकलं जाणारं, ठरलेल्या भावाचं दुसरं पीक त्याला कुणी देत नाही. पण साखर घेणाऱ्या कंपनीनं आपली साखर कुठल्या पाणलोटातून येते हे न पाहता फक्त प्लँटच्या नळावर मीटर लावलं, तर ती चुकीच्या ठिकाणी मोजतेय.

शिवाय एकच दुष्काळ दोन्ही जोखमी जोडतो. गावात पाणी नसतं, कोरडवाहू शेती जाते, म्हणून माणसं उचल घेऊन तोडीला निघतात. पर्यावरण आणि माणूस हे दोन रकाने फक्त अहवालात वेगळे असतात.

सोडून जाणं हा उपाय नाही

बातमी आली की कंपनीच्या मनात पहिला विचार येतो तो पुरवठादार बदलण्याचा. पाकिस्तानातल्या सियालकोटचा अनुभव इथे आठवावा. तिथे जगातले बहुतेक फुटबॉल हातानं शिवले जात, घरोघरी, मुलंही शिवत. १९९७ मध्ये अटलांटा इथे झालेल्या करारानंतर शिलाई घरांतून केंद्रांत हलवली गेली, म्हणजे तपासणी सोपी होईल. मुलांचं काम कमी झालं, पण घरी राहून शिवणाऱ्या कित्येक बायकांचं उत्पन्नही गेलं, कारण त्यांना केंद्रांवर जाता येईना. २००६ मध्ये नायकेनं नियमभंगावरून तिथल्या मोठ्या पुरवठादाराकडून खरेदी थांबवली तेव्हा हजारो कामगार घरी बसले.

उसात याचं रूप म्हणजे हार्वेस्टर, ऊस तोडणारं यंत्र. ग्राहक कंपनीनं जास्त प्रश्न विचारले की कारखान्याला सोपं उत्तर सापडतं: यंत्र आणा, कामगारच नकोत. यंत्र येऊ नये असं मी म्हणणार नाही. हे काम माणसाची पाठ मोडणारं आहे. पण धारूर-वडवणीच्या माणसाला दुसरं काम न देता यंत्र आणलं, तर जोखीम संपत नाही, नजरेआड होते.

जिथे खरंच काही बदललं

राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये बांगलादेशात 'अकॉर्ड' झाला. कंपन्या आणि जागतिक कामगार संघटना यांच्यातला हा करार कायद्यानं बांधणारा होता. दोनशेहून जास्त ब्रँडनी सही केली, सुमारे १,६०० कारखाने त्याखाली आले. इंजिनीअरांनी इमारती तपासल्या, अहवाल सगळ्यांना वाचता येतील असे जाहीर झाले, धोक्याच्या इमारतीत शिरायला नकार देण्याचा हक्क कामगाराला मिळाला. दुरुस्ती परवडेल अशा अटींवर खरेदी करण्याचं बंधन ब्रँडवर आलं. शब्द पाळला नाही तर लवादाकडे जाता येत होतं, आणि कामगार संघटना खरोखर गेल्या. २०१८ मध्ये एका ब्रँडला तडजोडीत २३ लाख डॉलर द्यावे लागले. सही करणाऱ्याला न पाळण्याची किंमत मोजावी लागते, हा अकॉर्डचा गाभा होता.

ऊसतोडीच्या जास्त जवळचं उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं आहे. इमोकली गावाभोवतीच्या टोमॅटोच्या शेतांत मेक्सिको, ग्वाटेमाला, हैतीहून आलेले मजूर राबत. टोळीचा म्होरक्या त्यांना आणायचा, कर्जात अडकवायचा. गुलामगिरीचे फौजदारी खटले तिथे एकामागून एक चालले. शेतमालकांशी वर्षानुवर्षं भांडून मजुरांच्या लक्षात आलं की भाव शेतमालक ठरवतच नाही, वरचा ग्राहक ठरवतो. त्यांनी टॅको बेल या हॉटेल साखळीवर बहिष्कार पुकारला. चार वर्षांनी, २००५ मध्ये, कंपनी नमली. त्यातून पुढे 'फेअर फूड' कार्यक्रम उभा राहिला. मोठे ग्राहक टोमॅटोच्या एका पौंडामागे एक सेंट जास्त देतात आणि तो मजुराच्या पगारात दिसतो. ज्या शेतावर गंभीर नियमभंग होईल त्याच्याकडून खरेदी बंद. मजूर शेतमालकाच्या हजेरीवर येतात, म्होरक्याच्या नाही. चोवीस तास तक्रारीचा फोन. आणि हक्कांची माहिती द्यायला येतात ते पूर्वी स्वतः शेतात राबलेले लोक. २०१४ मध्ये वॉलमार्टही यात आली. एक सेंट आणि आपले दहा पैसे, दोन्ही हिशेब शेजारी ठेवून पाहा.

आपल्या देशातही असं एक पाऊल पडलं आहे. तमिळनाडूतल्या दिंडिगुलमध्ये एका तरुण कामगार बाईचा तिच्या सुपरवायझरनं खून केल्यावर २०२२ मध्ये कारखाना, दलित बायकांच्या नेतृत्वाखालची तिथली कामगार संघटना आणि एच अँड एम, गॅप यांसारखे ब्रँड यांच्यात बंधनकारक करार झाले. कारखान्याच्या प्रत्येक मजल्यावर कामगार बायकांनाच छळाच्या तक्रारी टिपायचं प्रशिक्षण दिलं गेलं. फायरब्रिगेडला फोन करायची वेळ येण्याआधी धूर ओळखणारी माणसं आत असणं, असं ते काम आहे.

कायदे कुठवर आले

फ्रान्सनं २०१७ मध्ये, जर्मनीनं जानेवारी २०२३ पासून मोठ्या कंपन्यांवर पुरवठादारांकडे लक्ष देण्याची कायदेशीर जबाबदारी टाकली. युरोपीय संघानं २०२४ मध्ये सगळ्या सदस्य देशांसाठी निर्देश मंजूर केला, आणि पुढच्याच वर्षी उद्योगांच्या दबावाखाली त्याची धार कमी करायला सुरुवात झाली.

भारतात सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, बाजारमूल्यानं पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण, समाज आणि कारभार यांबद्दलचा 'बीआरएसआर' अहवाल सक्तीचा केला. पुरवठादारांबद्दलची माहिती पहिल्या २५० कंपन्यांनी द्यायची ठरली, पण ती पुढे ढकलली गेली आणि ऐच्छिक झाली. शिवाय तिथे एक उंबरठा आहे: एकूण खरेदीच्या किंवा विक्रीच्या किमान दोन टक्के वाटा असलेला भागीदारच मोजायचा. कागदकाम आवरायला हे ठीक वाटतं. पण मुकादम कुठल्याही कंपनीच्या खरेदीत दोन टक्के कधीच असणार नाही. पुष्कळदा कारखानासुद्धा नसेल. रकमेच्या आकारावरून जोखीम शोधली तर उसाचा फड कधीच यादीत येणार नाही.

आपल्या कामगार कायद्यांचंही असंच काहीसं झालं. १९७९ चा स्थलांतरित मजुरांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. बीडहून बेळगावला गेलेली टोळी त्यात बसायची, बीडहून सांगलीला गेलेली नाही. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा मात्र स्पष्ट आहे; घेतलेल्या पैशापायी काम सोडून दुसरीकडे जाता न येणं हे त्याच्या व्याख्येच्या फार जवळ जातं. तो उसाच्या फडात लावायची इच्छा कमी पडते.

येत्या हंगामात काय करता येईल

समजा, एखाद्या पेय कंपनीला मनापासून सुरुवात करायची आहे. तिनं आधी आपली साखर कुठल्या कारखान्यांतून येते त्यांची नावं जाहीर करावीत. कपड्यांचे अनेक ब्रँड आज कारखान्यांची यादी वेबसाइटवर ठेवतात, साखरेत ते अशक्य नाही. त्या कारखान्यांशी एका हंगामापुरता नाही तर तीन-पाच वर्षांचा करार करावा, आणि त्यात तोडणीच्या मजुरीचा वाढीव वाटा वेगळ्या ओळीत लिहावा, टोळीतल्या बाईच्या आणि पुरुषाच्या स्वतंत्र बँक खात्यांत जाईल असा. आज जोडप्याचे पैसे एकत्र, बहुधा पुरुषाच्या हातात येतात. कोयत्याऐवजी दोन माणसं मोजली जाणं, ही सुरुवात लहान नाही. खाड्याचा दंड कराराच्या अटीनंच बंद करावा. तक्रारीचा फोन मराठीत आणि बंजारा बोलीत असावा, आणि तो उचलणारी माणसं ऊसतोडीच्या घरांतली असावीत. राज्याचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, मुलांसाठी वसतिगृहांची योजना आहे. कंपनीनं वेगळी शाळा काढून फोटो छापण्यापेक्षा त्या योजनेत आपल्या कारखान्यांकडे येणारी मुलं पोहोचतात का ते पाहावं.

आणि हे सगळं योग्य वेळी. ऑडिट होतात जानेवारी-फेब्रुवारीत, गाळप रंगात असताना. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं. उचल वाटली जाते पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आधी, जेव्हा घरात पैसा नसतो, शाळेची फी, आजारपण, लग्न समोर असतं. त्या वेळी मुकादमाशिवाय दुसरा कुणी पैसे द्यायला तयार असेल, रक्कम आणि परतफेड लेखी असेल, व्याज नसेल, फेडून झाल्यावर माणूस मोकळा असेल, तर जानेवारीत फडात दिसणारं चित्र वेगळं असेल. म्हणून साखरेची जोखीम हाताळायची असलेल्या कंपनीनं आपला माणूस जुलै-ऑगस्टमध्ये बीडला पाठवावा, कारखान्यावर नाही, तर ज्या तांड्यावरून आणि वस्तीवरून टोळ्या निघतात तिथे.